सत्काराची यादी

“तोंड खोटं बोलते गा, गुडघा नाही बोलत,” असं म्हणत ते आमच्या गुडघ्यावर अंगठा दाबत. मॅचच्या आधी अकराही जण ओळीने बसायचे आणि आमचे मॅनेजर उकिडवे बसून एकेकाचे गुडघे तपासायचे. चेहऱ्याकडे बघायचेच नाहीत. माझ्या लग्नात अक्षता पडल्यावरही त्यांनी माझा गुडघा दाबला आणि भर मांडवात जाहीर केलं, “नवरदेव फिट आहे!”

महाल भागातल्या आमच्या फुटबॉल क्लबात बहुतेक पोरं हातमागावरची. मॅनेजर स्वतः गिरणीत टाइमकीपर. त्यांच्या शिस्तीची आम्ही पाठीमागे नक्कल करायचो, पण ते दिसले की विडी विझायची.

वामन आमचा सेंटर फॉरवर्ड. फायनलमध्ये त्यानेच एकमेव गोल मारला आणि तिथेच कोसळला. शील्ड मिळाली, पण त्याचा उजवा पाय पुन्हा वाकला नाही. मागाच्या पावड्या पायाने दाबाव्या लागतात, त्यामुळे माग सुटला. पुढे तो एका टॉकीजच्या सायकल स्टँडवर बिल्ले वाटायला बसला. मॅनेजरांनीही त्याच वर्षी क्लब सोडला. आम्हाला वाटलं, वय झालं.

दहा वर्षांनी आम्ही त्यांचा सत्कार ठरवला. मी चिटणीस. शाळेचा हॉल घेतला, संत्र्याची बर्फी सांगितली, जुन्या खेळाडूंची यादी केली. कमिटीत कोणी तरी म्हणालं, “वामन लंगडत आला तर सुतक वाटन गा.” मी त्याच्या नावावर रेघ मारली. मला त्यात फारसं काही वाटलं नाही, हे आज लिहायला लाज वाटते.

हॉलमध्ये पाय ठेवताच मॅनेजरांनी विचारलं, “वामन आला का?”

“येऊन राहिला असन,” मी ठोकून दिलं.

हार घालताना त्यांनी पुन्हा विचारलं. मग लोक ओरडायला लागले, “साहेब, तो गोल सांगा!”

ते उभे राहिले. “गोल तुम्ही पाह्यला. मी गुडघा पाह्यला होता. पाणी भरलं होतं त्यात. अंगठा लावला तर पोराचा श्वास अटकला, पण हसून राहिलं होतं. त्याले बसवलं असतं तर शील्ड गेली असती. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे.”

मग मागून एकाने टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. काय मोठं मन, म्हणे! मीही वाजवल्या.

“टाळ्या काहून वाजवून राहिले?” ते हात वर करून विचारत होते. कोणाला ऐकू गेलं नाही. बर्फी त्यांनी तोंडातही घातली नाही. निघताना मला एवढंच म्हणाले, “त्याच्यासमोर सांगाले आलो होतो गा.”

महिन्याभरात ते गेले. घाटावरून परतताना माझ्याने राहवलं नाही. मी सरळ सायकल स्टँडवर गेलो आणि वामनला सगळं सांगितलं.

तो हातातले बिल्ले चाळत होता. “म्हणजे साहेबायले माहीत होतं?”

“हो.”

“मले काहून नाही बोलावलं?”

“यादीत तुझं नाव होतं. मी खोडलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एक गिऱ्हाईक सायकल घेऊन आलं, तसा तो खांबाला धरून उठू लागला. मी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही.

“दहा वर्षं मी त्यायच्या गल्लीतून गेलो नाही,” तो म्हणाला. “मले वाटे, दुखणं लपवून मीच त्यायले फसवलं. माफी मागाची होती मले. आता कोणाले मागू?”