मनोहरची नाडाछडी

सहा आठवडे झाले. सकाळी कारखान्याकडे निघालो होतो, गाडी अजून गोत्रीच्या रस्त्यालाच होती, आणि वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." एवढंच. मी गाडी बाजूला घेतली आणि पहिला विचार काय आला, तर मनोहरला खरं सांगायचं राहून गेलं. शाळेपासूनचा मित्र गेल्याचं दुःख नंतर आलं, दुपारी, घाटावरून परतल्यावर. आधी आली ती ही टोचणी, आणि ती काही जायला तयार नाही. म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर मी काही लिहिणारा माणूस नव्हे.

कोयलीजवळ शेड घेऊन आम्ही व्हॉल्व्ह बनवायला लागलो तेव्हा सगळे मिळून नऊ जण होतो. मनोहरचे आजोबा बडोदा संस्थानच्या फौजेतले, माझे दप्तरातले कारकून. घरात जन्मभर हुद्दे आणि मुजरे ऐकून तो असा विटला होता की आमच्याकडे साहेब कुणीच नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. केबिन नाही, पाट्या नाहीत, एकच लांब टेबल. त्यावरच ड्रॉइंगं पसरायची आणि त्यावरच डबे उघडायचे. मी कुरकुर केली की म्हणायचा, "शरद, तुझ्या रक्तातच फाईल आहे, तू जरा लांब बस." मग मांडवीच्या बाजारातून त्यानं नाडाछडीचं मोठं रीळ आणलं. पूजेत मनगटाला बांधतात तो लाल दोरा, बडोद्यात त्याला आम्ही नाडाछडीच म्हणतो. तपासणीच्या जागी खिळ्याला ते रीळ अडकवलं आणि नियम सांगितला. कुणालाही, अगदी झाडणाऱ्यालासुद्धा, एखाद्या व्हॉल्व्हबद्दल शंका आली तर त्यानं नाडाछडी बांधायची; गाठ सुटेपर्यंत माल हलायचा नाही. कारण सांगायची सक्ती नाही. आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, खुद्द मनोहरनंही नाही.

सगळ्यात जास्त गाठी रमीलाबेनच्या असत, तपासणी त्यांच्याकडेच होती. एकदा ट्रक दाराशी उभा आणि यांनी शेवटच्या व्हॉल्व्हला नाडाछडी बांधलेली. मी आरडाओरडा केला. मनोहर मात्र स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसला. "केम बेन, शुं लागे छे?" त्या म्हणाल्या, "फेरवुं छुं त्यारे अवाज बराबर नथी, मनोहरभाई." ट्रक रिकामा गेला. संध्याकाळी व्हॉल्व्ह खोलला तर आत केसाएवढी चीर. मी चिडलोच, कारण आता पुन्हा महिनाभर हा मला ऐकवणार, हे दिसत होतं.

पुढे आम्ही चाळीस झालो... आणि तो दसरा आला. यंत्रांची पूजा झाली, आणि हौसेनं सगळ्यांनी सगळ्याला नाडाछडी बांधली. लेथला, पान्यांना, दाराशी रचलेल्या तयार मालालाही, त्याच रिळातली. त्यातल्या एका व्हॉल्व्हवर आदल्या दिवशीची रमीलाबेनची गाठ होती. ती या लाल गर्दीत कुणाला दिसणार? दुसऱ्या दिवशी माल रवाना झाला, आणि तो व्हॉल्व्ह एका रसायनाच्या कारखान्यात गळून तिथल्या एका फिटरचा हात भाजला. माल सोडला कुणी, मी विचारलं. चाळीस माणसं एकमेकांकडे बघत राहिली, कारण माल सोडणं हे कुणा एकाचं कामच नव्हतं. मनोहर म्हणाला, "चूक माझी." मी ओरडलो, "तुझी कशी? तुला तर हुद्दाच नाही!"

त्या थंडीत त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तो घरी पडून असताना मी केबिन बांधली. सुपरवायझर नेमला, त्याच्यावर मॅनेजर, त्याच्यावर मी. छापील फॉर्म आणि तीन सह्या. लांब टेबल जेवणाच्या जागेत गेलं, रीळ कपाटात. डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे तो पुन्हा कामावर आलाच नाही, आणि मी त्याला यातलं काही सांगितलं नाही. मी चुकलो असं तेव्हा वाटलं नाही. आजही पूर्ण वाटत नाही, तो भाजलेला हात मी डोळ्यांनी पाहिला होता. पण यंदा एक अख्खी खेप परत आली, तिन्ही सह्यांसकट. रमीलाबेनना विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं?

"कळ्युं हतुं ने, शरदभाई."

"मग बोलला का नाहीत?"

"मने कोणे पूछ्युं? फॉर्ममां मारुं खानुं ज क्यां छे?"

खरंच, त्यांच्या नावाचा रकानाच नव्हता. फॉर्म मीच काढला होता.

त्यानंतर आठवड्यानं मनोहरकडे गेलो, तीच शेवटची भेट. चहा पिताना त्यानं सहज विचारलं, "रमीलाबेन बांधतात ना रे अजून नाडाछडी?" मी म्हणालो, "हो तर!" तो मान हलवून बिस्किट बुडवत राहिला. बेसण्याला, म्हणजे इकडच्या शोकसभेला, वहिनींकडून कळलं, रमीलाबेन दर पौर्णिमेला घरी येत, कारखान्यातलं सगळं सांगत. म्हणजे त्याला ठाऊक होतं. मग विचारलं कशाला? मला बोलायची संधी देत होता, की नुसता बघत होता? मी खोटं बोललो हे कळूनही वर दुसरा चहा पाजलान मला... याचा राग येतो, आणि राग काढायला तो नाही.

बेसण्याच्या दुसऱ्या दिवशी मी रीळ पुन्हा खिळ्याला अडकवलं, नियम वाचून दाखवला. सगळे "हो सर" म्हणाले. महिना गेला, रिळाला कुणी हात लावला नाही. मी रोज जाऊन बघायचो. साहेबाच्या हुकमानं शंका घ्या म्हणे! मनोहर असता तर पोट धरून हसला असता.

गेल्या सोमवारी आलो तर माझ्या केबिनच्या दाराला, मुठीपासून कडीपर्यंत, नाडाछडी बांधलेली. चांगल्या दोन गाठी. कुणी बांधली माहीत नाही, आणि विचारायची सोय नाही. दार ओढलं तर तुटेल. आठवडा झाला, मी लांब टेबलाशी बसून काम करतोय आणि कुणी सोडायला येतंय का पाहतोय.