ठीक म्हणणारी माणसं

आमच्या दरीत डॉक्टर एकच, आणि ती माझी बायको. रानवाइगला एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिलंच नव्हतं, पण गेल्या हिवाळ्यापासून तर तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. जेवताजेवता उठायची, चुलीत नको असताना लाकडं कोंबायची. मी वैतागायचो.

"बस की जरा, बाई!"

बसायची आणि लगेच पुन्हा उठायची.

कारण मला ठाऊक होतं. डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळला तेव्हा मदतीला तीच पहिली पोहोचली. त्यात सापडलेल्यांपैकी आमच्या गावचा ओडमुन बर्फात उठून बसला होता. "मी ठीक आहे, तू त्यांचं बघ," म्हणाला. आमच्याकडे पाय मोडलेला माणूसही ठीकच असतो. हे माहीत असून ती घाईघाईत इतरांकडे धावली. परत आली तोवर तो गेला होता. रक्तस्राव आतल्या आत होत होता.

तेव्हापासून दवाखान्यात ती व्यवस्थित काम करायची, पण डोंगरावर कुणी पडलं की तिचे हात थरथरायचे. रानावनात उपचार कसे करायचे याचं डॉक्टरांचं शिबिर आमच्याच पठारावर भरणार होतं. तिनं सांगून टाकलं, "तिथेही हात चालले नाहीत, तर मी राजीनामा देणार."

शिबिराला रुग्णाचं सोंग घेणारी माणसं हवी होती. मी लगेच नाव दिलं. पाय मोडलाय म्हणून बोंबलायचं, डॉक्टरांना मदत करायची नाही, एवढंच काम. अंगावर रक्त म्हणून लाल रंग ओतणार होते. सासूबाईंनी विणलेला लोकरी सदरा खराब होईल, म्हणून मी आत सुती घातला. बर्फात सुती, भिजलं की ऊब शून्य! इथलं शेंबडं पोरही असं करणार नाही. पण सासूबाईंचा धाक मोठा.

बर्फात पडून मी जीव तोडून बोंबललो. ऑस्लोहून आलेले डॉक्टर आधी दुसऱ्याच रुग्णात गुंतले होते. पाठीखालचं पाणी सदऱ्यात झिरपलं. दात वाजू लागले, मग वाजायचे थांबले, आणि मला बोंबलायचाही कंटाळा आला. शेवटी रानवाइगची तुकडी आली. पाय बांधायची फळी तिच्या हातात थरथरत होती.

"कुठे दुखतंय?" एका तरुण डॉक्टरनं विचारलं.

"कुठेच नाही. मी ठीक आहे."

"काका, सोंग विसरलात!" तो हसला.

रानवाइग हसली नाही. फळी टाकून तिनं माझ्या जाकिटात कोपरापर्यंत हात घातला.

"खेळ बंद! हा खरंच गारठलाय. सुती घातलंय गाढवानं!"

मग तिनं सगळ्यांना कामाला लावलं. आडवाच उचला, हळू, हिसका नको! ओला सदरा तिनं कात्रीनं टराटरा कापला. हात थरथरतात की नाही हे बघायला तिला सवडच नव्हती.

तंबूत मला रजयांत गुंडाळलं. शिबिराची प्रमुख सीसेल आली आणि म्हणाली, "छान ओळखलंस." त्यावर रानवाइग रडायलाच लागली.

"ओडमुनला मी नुसतं विचारलं. हात लावला नाही."

"लावला असतास तरी कदाचित..." मी म्हणालो.

"कदाचित. ते आता मला कधीच कळणार नाही."

बाहेर आमचा शेजारी एम्बरिक अजून रुग्ण होऊन बर्फात पडला होता. कुणीतरी आत डोकावून सांगितलं, "तो ठीक आहे म्हणतोय."

रानवाइगनं नाक पुसलं, माझा हात सोडला आणि हातमोजे काढत बाहेर गेली.