जमादारानं डोळे मिटून सांगितलेला चोर

निजामाच्या अमलात आमच्या वाशीच्या चौकीवर एक जमादार होता. चोराला न बघता त्याचा स्वभाव सांगायचा. चोरीच्या जागी उभा राहून डोळे मिटायचा, मिशीचं टोक चावायचा अन् म्हणायचा, "आधी तबियत ओळखायची, माणूस आपोआप सापडतो." लोक त्याला लई मानायचे. मीबी मानायचो, पाटलाचा बैल जाईपर्यंत.

बैल बाजारातून आणून आठच दिवस झाले होते. गोठ्यात नुसतं दावं पडलं होतं. जमादारानं डोळे मिटले. "चोर गावात नवा आहे. दणकट आहे, बोलतो कमी. इथं त्याचं दिल लागत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. त्याच महिन्यात मी शेजारच्या गावातून येऊन पाटलाकडं गडी म्हणून लागलो होतो.

"जमादारसाहेब, मी न्हाय नेला."

"चोर असंच म्हणतो."

"मग ज्यानं नेला न्हाय, त्यानं काय म्हणायचं?"

त्यानं त्याच दाव्यानं माझे हात बांधले. दुपारपर्यंत 'कबूल हो' म्हणत राहिला. मी मान खाली घातली न्हाय.

तेवढ्यात बैलाचा जुना मालक बैल घेऊन आला. बैल आपल्या पायानं जुन्या घरी गेला होता!

लोक हसले. जमादार म्हणाला, "नवा, दणकट, बोलत नाही, दिल लागत नाही. माझं काय चुकलं?"

मलाबी हसू आलं. पण माझे हात त्यानं शिपायाला न सांगता स्वतः सोडले. दाव्याचं टोक डोळ्याजवळ नेलं. ते कापलेलं नव्हतं, हिसक्यानं तुटलेलं होतं.

"हे सकाळी बघायला पाहिजे होतं," तो हळूच म्हणाला.