शेकडा तेरा

आमचे थोरले जावई गाडीत बसले की आधी चप्पल काढतात. दोन्ही नाही, फक्त उजवी. ॲक्सिलरेटरची खरी ओळख म्हणे उघड्या अंगठ्यालाच पटते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मामा, मध्ये चप्पल आली की पाय मस्तीला येतो. अंगठा उघडा असला की लाजून दाबतो." एकोणीस वर्षं एकच पिकअप, एकाच फर्निचरच्या दुकानाची कपाटं न् पलंग, आणि एकोणीस वर्षं तो लाजरा अंगठा. डिझेलच्या काट्यावरून त्यांची नजर हलत नाही, म्हणून सगळे त्यांना काटेराव म्हणतात. त्यांना ते आवडतं. दुकानदाराने एकदा खऱ्या नावाने हाक मारली तर मागे वळून कोणाला बोलावतोय ते बघत होते.

ड्रायव्हर लोकांत लिटरला किती किलोमीटर जाते त्याला ॲव्हरेज म्हणतात. सरासरी कशाची, असं विचारायचं नसतं. मी विचारलं होतं. चार ड्रायव्हरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. तर ह्या ॲव्हरेजचे काटेराव म्हणजे वैद्यच. कोणी नवी गाडी घेतली, कोणाची जास्त प्यायला लागली, की माणूस ह्यांच्याकडे. हे शेजारी बसणार, डोळे मिटून फर्लांगभर इंजिन ऐकणार आणि सांगणार, "गाडी अकराची आहे. तुमच्या पायाने नऊ देते. पाय घरी ठेवून येत चला." लोक हसायचे, पण ऐकायचे. ह्या माणसाकडे घर बेताचं, कपडे बेताचे, पण ह्या एका बाबतीत त्याच्यापुढे कोणी जायचं नाही.

आणि मग धाकट्या जावयांनी नवी पिकअप घेतली.

धाकटे म्हणजे थोरल्यांचे साडू. त्या दोघांचं नातं मला कधी कळलेलं नाही. भेटले की गळ्यात गळे, आणि पाठ फिरली की एकमेकांच्या टायरची नक्षी मोजणार. धाकटे फरशीच्या कारखान्याला लागलेले. गाडी स्वतःची, काम कारखान्याचं, डिझेलही कारखान्याचंच, आवारातल्या पंपावरून. त्या दिवशी भर दुपारी दोन्ही मुली नवऱ्यांसकट आमच्याकडे जेवायला आल्या. धाकटी गाडीतून उतरली ती नुकतीच आरशासमोरून उठून आल्यासारखी. मागोमाग आलेल्या जुन्या पिकअपमधून थोरली उतरली. तिचे केस पाखरांनी राहून सोडून दिल्यासारखे.

"ताई, किती गं घाम," धाकटी म्हणाली.

"आमच्याकडे वारा फुकट आहे ना," थोरली म्हणाली. "घेतला पोटभर."

काटेराव नव्या गाडीभोवती तीन वेळा फिरले. दार उघडून त्यांनी एसीच्या जाळीपुढे हात धरला, डॉक्टर लेकराच्या कपाळावर धरतो तसा. बराच वेळ काढेचनात. शेवटी म्हणाले, "हं. बरा आहे." मग मागच्या फळीवर नखाएवढा रंग उडालेला त्यांना सापडला आणि माणूस जरा जेवता झाला.

पण धाकट्यांनी जेवताना तोंड उघडलं. "साडूभाऊ, तुमची किती देते?"

"अकरा."

"माझी तेरा. एसी लावून."

काटेरावांचा घास हातातच राहिला. "आणि एसी बंद करून?"

"तीच तर गंमत आहे. बंद केला की साडेअकरावर येते. लावला की तेरा. समोर पडद्यावर आकडाच येतो ना, मला काय माहीत. आणि घाट चढताना तर अठरापर्यंत जाते."

"घाट चढताना वाढतं?"

"नवी टेक्नॉलॉजी आहे, साडूभाऊ. इंजिनाला गार हवा मिळाली की हुरूप येत असेल."

आता खरं सांगतो, मी काही गाडीतला माणूस नाही. मला ते पटलंही. आम्हालाही गारव्यात काम जास्त सुधरतं. पण थोरल्यांकडे बघवेना. गाडी डिझेल जाळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी आमचे थोरले जे जळत होते त्याचं ॲव्हरेज कुठल्याच पडद्यावर मावलं नसतं.

पुढचे दोन महिने त्या माणसाने स्वतःचा जो छळ केला तो थोरलीने मला सांगितला. ओला टॉवेल मानेवर टाकून गाडी इतकी हळू चालवायला लागले की सायकलवाले मागे वळून विचारायचे, काही बिघडलंय का. जादा वजन नको म्हणून जॅक घरी ठेवला आणि मग पंक्चर झाल्यावर दोन तास रस्त्यावर बसले. एवढं करून अकराचे सव्वाअकरा झाले. बाजारात कोणी म्हणायचं, "काटेराव, तुमचे साडू तर एसी लावून तेरा काढतात म्हणे," आणि हे म्हणायचे, "चांगलं आहे की," आणि दोन दिवस भात गोड लागायचा नाही.

"तिकडे त्यांनी घाटात अठरा काढले, बाबा," थोरली म्हणाली, "आणि आमच्या घरात कोणी पंखा लावला तरी हे उठून बंद करतात."

एक दिवस काटेरावांची पिकअप गॅरेजात गेली. रेडिएटर गळत होता. धाकट्यांनी वाटेत गाडी थांबवली. "बसा साडूभाऊ, सोडतो." ह्यांना चालत जायचं होतं, पण ऊन मी म्हणत होतं. बसले. पहिली दोन मिनिटं त्यांना, त्यांच्याच शब्दांत, "इतकं बरं वाटलं की राग आला." रेल्वेचं फाटक लागलेलं. इंजिन चालू, एसी चालू, गाडी उभी. आणि ह्यांची नजर सवयीने काट्याकडे गेली. काट्याशेजारी तो आकडा. तेरा पॉइंट एक. फाटकाने मालगाडी सोडली, मागून आणखी एक सोडली. तेरा पॉइंट दोन. तेरा पॉइंट तीन.

गाडी उभी, आणि ॲव्हरेज वाढतंय.

ते तिथून घरी गेले नाहीत, तडक माझ्याकडे आले. पाणीसुद्धा मागितलं नाही. "मामा, उभी गाडी जास्त किलोमीटर कशी देईल?" मी म्हटलं, नवी टेक्नॉलॉजी. ते म्हणाले, "चेष्टा नको. आकड्याशेजारी बारीक अक्षरं आहेत. लिटरचं एक अक्षर आहे, तिरकी रेघ आहे, आणि पुढे शंभर लिहिलंय."

आमच्या शाळेला भिंती तीनच होत्या, पण मास्तर पक्के होते. तिरकी रेघ आणि शंभर म्हटल्यावर पन्नास-साठ वर्षांनी हात आपोआप पुढे आला, छडी खायला. "जावई," मी म्हटलं, "हा तर शेकडा आहे. शंभराला किती. शंभर किलोमीटरला तेरा लिटर पिते ती."

काटेरावांनी खडू नव्हता म्हणून बोटाने ओट्यावर हिशेब मांडला. शंभराला तेरा, म्हणजे लिटरला पावणेआठ सुद्धा नाही. एसी बंद केला की साडेअकरा, म्हणजे आठाच्या वर. आकडा जितका मोठा तितकी गाडी पिणारी. घाटात अठरा, कारण घाटात सगळ्याच पितात. पुसून त्यांनी पुन्हा मांडला. मग तिसऱ्यांदा. मला वाटलं, उन्हाचं काही झालं की काय.

"कोणाला सांगू नका," ते म्हणाले. "रविवारी सगळे इथेच आहेत ना? मी सांगतो. जेवण झाल्यावर. सावकाश."

त्या चार दिवसांत ते चार वर्षांनी तरुण झाले. थोरली म्हणाली, गाणं गुणगुणतात. मला रविवारी सकाळी फोन करून विचारलं, धाकटे नक्की येणार ना.

धाकटे आले. पण तोंड उतरलेलं. हातपाय धुवून जेवायला बसले आणि पोळी नुसती चिवडत राहिले. धाकटीने डोळ्याला पदर लावला तेव्हा गोष्ट बाहेर आली. डिझेल देणाऱ्या सुपरवायझरने हिशेब काढला होता. गाडी लिटरला साडेसातने डिझेल उचलत होती. आणि धाकट्यांनी कारखान्यात सगळ्यांना, सुपरवायझरला तर दोनदा, छातीठोक सांगितलेलं: एसी लावून तेरा.

"ते म्हणतात, तेरा देणारी गाडी साडेसातचं डिझेल खाते तर उरलेलं कुठं जातं? चोर म्हणाले मला," धाकटे म्हणाले. "सगळ्यांसमोर. उद्या सकाळी गाडी कामावरून काढणार. मी एक थेंब विकला असेन तर..." त्यांनी पोळी ताटात टाकली.

मी काटेरावांकडे पाहिलं. थोरलीला काही माहीत नव्हतं, तरी तिनेही पाहिलं. ते आमटीत बघत होते. चार दिवस ज्याची वाट पाहिली तो क्षण ताटात वाढून आला होता, आणि त्यांना काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं. गप्प राहिले की नवी गाडी उद्या दारात उभी, एसी बंद, आणि बाजारात पुन्हा अकराच मोठे. मी शपथेवर सांगतो, तो विचार त्यांच्या मनात आला. नंतर त्यांनी स्वतःच कबूल केलं. "मामा, एक वाटी आमटी संपेपर्यंत होता," म्हणाले.

मग त्यांनी वाटी खाली ठेवली. "थेंब कुठं जात नाहीये. तुम्हाला वाचता येत नाहीये, एवढंच झालंय. उद्या मी येतो."

दुसऱ्या दिवशी मीही गेलो. मला कोण अडवणार. सुपरवायझर आडवा-उभा सारखाच माणूस, कमरेला चाव्या. काटेरावांना बघून म्हणाला, "नातेवाईक आणलेत का? नातेवाईक काय, आपल्याच बाजूने बोलणार."

"मी ह्यांचा साडू आहे," काटेराव म्हणाले.

सुपरवायझर थबकला. "मग ठीक आहे," म्हणाला. "बोला."

काटेरावांनी पडद्यावरचा शेकडा समजावला. सुपरवायझरच्या कपाळावरची आठी हलेना. "ॲव्हरेज जास्त तर गाडी चांगली. हे मला शिकवू नका." काटेरावांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाराच्या कोपऱ्यात फुटक्या फरशांचा ढीग होता.

"ह्या शेकडा किती फुटतात?"

"शेकडा चार. आपल्याकडे चारच्या वर जाऊ देत नाही मी."

"आणि उद्या तेरा फुटल्या, तर जास्त म्हणून चांगलं म्हणाल?"

सुपरवायझरने ढिगाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "हात्तिच्या," एवढंच म्हणाला. पण चावीवाला माणूस, बोलण्यावर सोडणार नव्हता. करून दाखवा म्हणाला.

मग टाकी गळ्यापर्यंत भरली. काटेरावांनी गाडीला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. फेस बसला की अजून पाव लिटर मावतं. सुपरवायझरला ते वेड वाटलं, पण जरा वेळाने तोही दुसऱ्या बाजूने हलवायला लागला. नेहमीच्या फरशा, नेहमीचा घाट, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. धाकटे एसी बंद करायला गेले. काटेरावांनी हात धरला. "रोज लावता ना? मग आजही लावायचा. आज दाखवण्यापुरतं सजायचं नाही." सुपरवायझर मध्ये, काटेराव खिडकीशी. मी सावलीत खुर्ची टाकून बसलो आणि पहारेकऱ्याला माझ्या शाळेच्या चौथ्या भिंतीची गोष्ट सांगितली. दोनदा.

परत आले, तसंच हलवून तसंच गळ्यापर्यंत भरलं. साडेदहा लिटर बसलं. पडद्यावर तेरा पॉइंट एक. काटेरावांनी भागाकार केला: लिटरला साडेसातच्या जरासं वर. सुपरवायझरच्या कागदावर होतं तेच.

"पण साडेसात कमी नाही का?" सुपरवायझरने विचारलं. "तुमची तर अकरा देते म्हणे."

आता हा प्रश्न आला. काटेराव जमिनीकडे बघत होते. धाकटे त्यांच्याकडे.

"माझ्या गाडीत पलंग असतात," काटेराव म्हणाले. एकेक शब्द दाढ काढल्यासारखा निघत होता. "ह्यांच्या गाडीत दगड आहे, आणि वर घाट. माझी गाडी ह्या वजनाने घाटात सहाही देणार नाही. एसी एखादा किलोमीटर खातो, तो सोडला तर ही गाडी चांगली आहे. आणि..." इथे ते थांबले. "पायही वाईट नाही."

सुपरवायझरने धाकट्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "बोललो ते विसरा. तुमची गाडी आहे तिथेच राहील, आणि हे मी सगळ्यांसमोर सांगतो." आणि खरंच आत जाऊन सांगितलं. मग काटेरावांकडे वळला. "साहेब, आमच्या आणखी सहा गाड्या आहेत. आकडे तुम्हीच ठरवून द्याल का? तुम्ही म्हणाल तो खरा."

साहेब. धाकट्यांचा चेहरा मी बघितला. वाचल्याचा आनंद होता, नाही असं नाही. पण त्याच्या खाली जे काही होतं, ते मी दोन महिने दुसऱ्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

घरी निघालो. धाकटे स्टिअरिंगवर, मी मध्ये, काटेराव खिडकीशी. दुपारचा एक वाजलेला. काटेरावांनी जाळी स्वतःकडे वळवून घेतली आणि डोळे मिटले. धाकट्यांनी बटण दाबलं. एसी बंद.

"राहू द्या हो," काटेराव डोळे न उघडता म्हणाले. "एखाद्या दिवसाने काय होतंय."

"नको. किलोमीटर खातो." धाकट्यांनी चारी बोटांनी स्टिअरिंग धरलं. "तुम्ही अकराचे. मला नऊ तरी करू द्या."

काचा खाली झाल्या. भट्टीचं दार उघडल्यासारखा वारा आत आला. गाडी इतकी हळू चालली होती की एक सायकलवाला शेजारून आत डोकावून गेला. पडद्यावर बारा पॉइंट नऊ झाले. धाकट्यांनी ते मोठ्याने वाचलं. काटेरावांच्या कानशिलावरून घाम माझ्या बाहीवर गळत होता.

"मामांना तरी त्रास होतोय," शेवटी ते म्हणाले.

मला काही होत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.