रांगेतल्या चपला

आज खालापुरात लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी मी एका माणसाला चपलेनं मारलं. खोटं कशाला सांगू, राग अजून गेलेला नाही.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून नुकतेच इथे आलो. जाऊ त्या शाळेत एकच उत्तर, जागा भरल्या. म्हणून आज सकाळी लेकीला, सईला घेऊन लवकर जाऊन एका शाळेच्या गेटवर रांग लावली. सईला शू लागली, तेव्हा चपला जागेवर ठेवून तिला घेऊन गेले. इथे सगळे असंच नंबर ठेवतात.

परत आले तर चपला गटारात आणि माझ्या जागी एक माणूस, पोरीला घेऊन उभा.

"आमी हितल्या लोधिवलीची मानसं हाय. तुमी भायेरची. आदी आमची पोरं," तो म्हणाला.

मी सरकायला सांगितलं, त्याने मला ढकललं. गेटवर आपटून माझं कोपर फुटलं. मग मी गटारातली चप्पल उचलून त्याच्या तोंडावर हाणली. त्याच्या ओठातून रक्त आलं तरी हाणत राहिले. शेवटी वॉचमनने मला मागे ओढलं.

आवाज ऐकून मुख्याध्यापिका बाहेर आल्या. "अहो, दोन्ही मुलींना जागा आहे. मारामारी कशाला?"

सईला प्रवेश मिळाला. बाहेर आल्यावर मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, तर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी तिला आजवर एक चापटसुद्धा मारलेली नाही.

सोमवारी त्याच गेटातून तिला आत न्यायचंय. तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?