नोटिशीनंतर आलेली दादर

सोमवार, दिनांक १७ मार्च २०२५, सकाळी पावणेनऊ. मी सदऱ्याला इस्त्री करीत होतो. साडेदहाला वकीलबाईंकडे जाऊन दाव्यावर सही करावयाची होती. दावा माझ्याच बिऱ्हाडात राहणाऱ्या माणसाविरुद्ध होता, आणि तो माणूस त्या वेळी माझ्यासमोर बसून भाकरी थापत होता.

"नाना, कोर्टमा चालनात का?" त्याने विचारले.

"वकिलाकडे."

"दाव्यानं काम?"

"हो."

त्याने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पन भाडं तं मी दिधं."

दिवाळीपासून त्याने भाडे दिलेले नव्हते. हे त्याला माहीत होते, मला माहीत होते आणि खाली राहणाऱ्या मालकिणीलाही माहीत होते.

"कधी दिलेस?"

"दादर खाई राहिनात ना तुम्ही?" त्याने ज्वारीच्या पिठाच्या परातीकडे बोट केले. "तेच भाडं. मी नही म्हनत, नाना. वकील म्हनस."

त्यानेही वकील केला आहे, हे मला त्या क्षणी प्रथम कळले. मी इस्त्री उभी केली आणि तसाच उभा राहिलो. तिचे बटण बंद करण्याचे मला सुचले नाही. ते त्याने उठून बंद केले.

येथे मागचे थोडे सांगणे भाग आहे.

मी धुळ्याच्या बसआगारात वाहतूक नियंत्रक होतो. धुळ्याचे घर माझ्याच नावावर आहे. पत्नी गेल्यावर माझी खाट पुढच्या खोलीत, टीव्हीशेजारी आली. मुलगा आणि सून मला कधी उणा शब्द बोलले नाहीत. मी खाटेवर बसलो की ते टीव्हीचा आवाज कमी करीत आणि मी उठलो की वाढवीत. असे वर्षभर चालल्यावर मी जळगावला एका डाळ मिलच्या फाटकावर गाड्यांची नोंद ठेवण्याचे काम धरले आणि एका विधवा बाईंच्या घराच्या वरच्या दोन खोल्या अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारावर घेतल्या. या वयात माणसाला स्वतःची कडी आतून लावता आली पाहिजे, एवढेच मला हवे होते.

दोन खोल्यांचे भाडे मला एकट्याला जड होते. तेव्हा मालकिणीची लेखी परवानगी घेऊन मी एक जोडीदार ठेवला. तो चाळिशीचा, ठिबकच्या नळ्या बसविणारा, शिंदखेड्याजवळच्या गावचा. माझे गाव त्याच तालुक्यातले. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतो. मालकिणीकडून परवानगी लिहून घेणाऱ्या मी त्याच्याशी मात्र कागद केला नाही. एका शिवेवरच्या माणसाकडून सही मागणे म्हणजे त्याच्या बापावर संशय घेणे, अशी आमच्याकडची रीत. सोळा फलाटांच्या गाड्या कागदावर चालविणाऱ्या माणसाने हे केले.

दिवाळीत त्याचे काम सुटले. त्यानंतर तो "पुढल्या महिन्यात" म्हणत राहिला. मालकीणबाईंना, ज्यांना आम्ही दोघेही अक्का म्हणतो, हे कळल्यावर त्यांनी मला जिन्यातच थांबवले.

"नाना, आणला तुम्ही. काढा पण तुम्हीच. माझी लेक आखाजीला माहेरी येते. तोवर तो वर दिसला तर पुढचा करार नाही. तुमचाही नाही."

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, यंदा तीस एप्रिलला होती. माझ्या कराराचा शेवटचा दिवसही तोच.

मिलमधल्या हमालांनी मला सोपा मार्ग सांगितला होता. दोघे जण येतील, गादी खाली टाकतील, कुलूप बदलतील, संध्याकाळच्या चहापूर्वी काम झालेले असेल. मी वकीलबाईंकडे गेलो. त्या जामनेरच्या, वयाने माझ्या मुलीसारख्या, बोलायला कडक. त्यांनी सांगितले की कुलूप बदलायचे नाही, वीज तोडायची नाही, त्याच्या सामानाला हात लावायचा नाही, नाहीतर गुन्हा तुमच्यावर होईल. नोटीस द्यायची, मुदत संपू द्यायची, मग दावा. आणि मुदत संपल्यावर त्याच्याकडून काही घ्यायचे नाही.

मी सर्व तसेच केले. नोटिशीची मुदत फेब्रुवारीअखेर संपली. मार्चच्या आरंभी त्याने कुठून तरी आणलेल्या नोटा माझ्यापुढे धरल्या. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले. तो म्हणाला, "घ्या ना नाना, इतला राग काबर?" मी घेतल्या नाहीत. त्या दिवशी मला स्वतःविषयी बरे वाटले होते.

होळीच्या आधी त्याच्या भावाने गावाहून दादरीचे पोते पाठवले. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. नव्या दादरीची भाकरी मोगऱ्यासारखी पांढरी होते. पोते त्याने जिन्यातून एकट्याने वर आणले, माझ्या डब्याशेजारी ठेवले आणि म्हणाला, "नाना, वावरनी शे. तुम्हनासाठे." वावरातून आलेले नवे धान्य उंबऱ्यावरून परत पाठवणे म्हणजे देणाऱ्याच्या जमिनीला नाव ठेवणे. माझ्या हयातीत मी ते कोणाला केलेले पाहिले नाही. दावा माणसावर होता, जमिनीवर नव्हता. मी पोत्याचे तोंड सोडले, मूठभर दाणे हातावर घेतले आणि चांगले पीक आले असे म्हणालो. मग एका डब्याचे दळण मी स्वतः गिरणीतून आणले.

आता त्या सकाळी तो मला सांगत होता की ते भाडे होते.

"हे तुझ्या मनात आधीपासून होते?" मी विचारले.

"नही नाना. देवनी आन." त्याने तवा खाली उतरवला. "परवा वकील पुसे, नानाले काही दिधं का? मी म्हनतु, पैसा तं घेत नहीत, दादर दिधी. तो हासना. म्हने, मग झालं की."

"आणि तू काय म्हणालास?"

त्याने भाकरी ताटलीत काढली. मग त्याने विचारले, "भाकर वाढू का?"

मी न जेवता बाहेर पडलो.

वकीलबाईंच्या टेबलावर दावा छापून तयार होता. मी खुर्चीवर बसताच त्यांनी पेन पुढे केले. मी ते घेतले नाही.

"फेब्रुवारीनंतर त्याच्याकडून काही घेतलंत का, असं मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"होय. एक रुपया घेतला नाही, असे मी सांगितले."

"मग आता काय झालं?"

मी दादरीचे सांगितले. त्यांनी पेनाला टोपण लावले. माझ्या नोकरीत अपघाताच्या बातम्या मी अनेकदा फोनवर ऐकल्या आहेत. सांगणारा क्षणभर थांबतो, तशा त्या थांबल्या.

"नाना, मी 'काही' म्हटलं होतं. 'पैसे' म्हटलं नव्हतं."

"धान्य हे भाडे कसे होईल?"

"तुमच्या गावात सालदाराला साल कशात देतात?"

आमच्या लहानपणी सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, निम्मी मजुरी धान्यातच असे.

"तो म्हणेल भाडं दिलं, तुम्ही म्हणाल भेट होती. मुदत संपल्यावर तुम्ही ती ठेवून घेतलीत, दळलीत, खाल्लीत. म्हणजे तुम्ही नोटीस सोडून दिलीत, असं त्याचा वकील म्हणेल. कदाचित आपण जिंकूही. पण आखाजीपर्यंत नाही. यंदाच्याही नाही आणि बहुधा पुढच्याही नाही."

"नवी नोटीस?"

"देऊ. पुन्हा तेवढीच मुदत. मग दावा. मग तारखा."

मी त्यांच्या पंख्याकडे पाहत राहिलो. मी ज्या माणसाचे पैसे नाकारले त्याचे धान्य घेतले होते, आणि कायद्याला त्या दोहोंत फरक दिसत नव्हता. त्याहून मोठी गोष्ट अशी की ते पोते प्रेमाने आले की डावाने, हे मला ठरविता येत नव्हते. चाळीस वर्षे मी माणसांच्या तोंडावरून खरेखोटे ओळखत आलो होतो. त्या सकाळी मी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिले होते आणि मला काहीच ओळखता आले नव्हते.

"दुसरा मार्ग आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला आवडणार नाही."

"सांगा."

"तो तुमच्या हक्कावर उभा आहे. तुमचा हक्क संपला की त्याच्या पायाखाली काही राहत नाही. तीस एप्रिलला तुमचा करार संपतोय. वाढवू नका. अक्कांना आजच लेखी कळवा आणि त्या दिवशी तुमचा ताबा सोडा. मग तुम्ही दोघेही कराराबाहेरचे. अक्कांना दिवाणी दाव्याची गरज नाही. अशा करारांसाठी सक्षम प्राधिकारी असतो, त्याच्याकडे त्या थेट अर्ज करू शकतात. तिथे तुमची दादर कोणी विचारणार नाही. दादर अक्कांनी घेतलेली नाही."

"आणि मी?"

"तुम्ही आधी जायला हवं. तुम्ही तिथे राहिलात तर तोही म्हणेल, नाना राहतात तर मीही राहतो."

"तो गेल्यावर अक्का मला पुन्हा ठेवतील?"

"ते अक्का जाणोत. मी लिहून देऊ शकत नाही."

एका माणसाला कायद्याने बाहेर काढण्यासाठी मी नोव्हेंबरपासून खेटे घालीत होतो. त्या खेट्यांचा निकाल माझ्याच पुढ्यात आला होता. मी दावा तसाच परत सरकवला आणि त्यांना म्हणालो, "करार वाढवावयाचा नाही, असे पत्र टंकून द्या."

पत्र घेऊन मी घरी आलो तेव्हा अक्का ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडीत होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचले.

"हे काय, नाना? मी त्याला काढा म्हटलं होतं."

"तेच करतो आहे."

मी त्यांना सर्व समजावून सांगितले. दादरीचेही. त्या देठ खुडीत ऐकत होत्या. शेवटी तिखटाचे हात पदराला न लावता वर धरून म्हणाल्या, "तुम्ही चांगले भाडेकरू होता हो. नळ कधी सुरू ठेवला नाहीत."

"पुढे खोल्या रिकाम्या झाल्या तर..."

"तेव्हा लेकीला विचारून सांगते. आत्ता शब्द देत नाही."

त्यांचे बरोबर होते. शब्दावर चालण्याचा परिणाम त्या ऐकून चुकल्या होत्या. हात धुऊन त्यांनी माझ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली.

धुळ्याला मुलाला फोन केला. एप्रिलअखेर येतो आहे, एवढे सांगितले. तो म्हणाला, "या ना नाना, खाट आहे तिथेच आहे." मी बरे म्हणालो.

दुपारी मिलमध्ये गेलो, कारण गाड्या थांबत नाहीत. संध्याकाळी परतलो तेव्हा तो घरीच होता. मी खुर्ची ओढून माळ्याखाली ठेवली आणि तिच्यावर चढू लागलो.

"उतरा, नाना. पडशाल!" त्याने मला बाजूला करून माळ्यावरची ट्रंक पुढे ओढली. "कोठे निंघनात?"

"धुळ्याला. कायमचा. खालून धर."

आम्ही दोघांनी ट्रंक उतरवली. तिचे एक टोक त्याच्या हातात राहिले, तो ते सोडीना.

"काबर? मी तं जाई राहिनू नही. मग तुम्ही काबर जातस?"

"मी गेल्यावर अक्का अर्ज करतील. तो अर्ज तुझ्यावर असेल. त्यांच्याशी तुझी दादर चालणार नाही. तुझ्या वकिलाला विचार."

त्याला ते समजायला वेळ लागला. समजले तेव्हा त्याचा चेहरा सकाळी माझा झाला असेल तसा झाला.

"नाना, वकीलनं मी ऐकाले नको व्हतं," तो म्हणाला. "मी आखाजीले गावले जाई जातु. तुम्ही ऱ्हा."

"लिहून देशील?"

तो कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहत बसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी पुन्हा विचारले नाही. पत्रावर पोच झाली होती.

ट्रंक जुनी होती. आतून कुबट वास येत होता. फडक्याने दोनदा पुसली, झाकण उघडे ठेवून भिंतीला लावली. कुलूप गंजले होते. शिलाई यंत्राच्या तेलाची बाटली खालून अक्कांकडून मागून आणली, कुलपात दोन थेंब सोडले आणि किल्ली फिरेपर्यंत फिरवीत राहिलो.