गाळात बसलेली होडी

होडी ठेवायला किती खर्च येतो, असं कॉलनीतल्या बायका मला विचारतात. मी सांगते, दिवाळीला एक लुगडं आणि वर्षभर नवऱ्याची बोलणी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी नाशिकच्या पश्चिमेकडच्या धरणावरच्या एका मच्छीमाराची जुनी लाकडी होडी विकत घेतली. तेव्हापासून नवरा मला ‘नौदलप्रमुख’ म्हणतो. होडी बांधून ठेवायला काठावरच्या एका मावशींनी जागा दिली. मावशी ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं शेत आणि अख्खं जुनं गाव धरणात गेलेलं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात त्या काकडी लावतात. भाडं म्हणून पैसे घेत नाहीत, लुगडं घेतात, तेही रंग स्वतः निवडून.

त्या काठाचा एकच नियम आहे. पाणी मागे सरेल तशी होडीही खाली सरकवत न्यायची. निफाडकडच्या शेतीसाठी ठरल्या तारखेला कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी जातं, ते पावसाळ्यापर्यंत परत येत नाही. मला हे पाठ होतं. तरी मार्चमध्ये मी होडी खुंटाला दोन-दोन गाठी मारून बांधली आणि भाचीच्या लग्नाला सटाण्याला जाऊन दहा दिवस राहिले. जन्मभर मुलांना वेळापत्रक पाळायला लावलं आणि स्वतः आवर्तनाची तारीख विसरले.

परत आले तर होडी गाळात बसलेली, पाणी सत्तर पावलं लांब, आणि मधल्या सगळ्या गाळात काकडीचं बी टोकलेलं.

“काकडी निघंपर्यंत होडीला हात लावायचा नाय, बाई,” मावशी म्हणाल्या. “पिकातून वढू द्यायची नाय मी.”

“मावशी, उन्हात लाकूड सुकलं तर फळ्या उकलतील हो. मग ही पाण्यावर टिकायची नाही.”

“मंग आवर्तन सुटलं तवा कुठं व्हता तुम्ही?”



नवरा म्हणाला, “सोड नाद. जळणाच्या भावात गेली तरी विकून टाक.” मला इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आईला तिच्या माहेरच्या गावात विहिरीवर दोर टाकायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून ओतायचे. तिच्या लेकीचा दोर आता धरणात बांधलेला असतो. तो मी माझ्याच वेंधळेपणापायी घालवणार नव्हते.

मग रोज सकाळी स्कूटरला दोन बादल्या अडकवून मी धरणावर जाऊ लागले. लाकूड फुगलेलं राहावं म्हणून होडीत पाणी ओतायचं, वर ओली गोणपाटं पसरायची. मावशींनी बांधाच्या कडेने जायची वाट दिली, पण फुकट नाही. होडीला दोन बादल्या, तर वेलांना दोन. महिन्याभरात पाणी आणखी लांब गेलं, माझे खांदे भरून आले, हाताला घट्टे पडले. एका सकाळी नवरा मुकाट्याने स्कूटरवर मागे बसला. “नौदलात भरती आहे का?” म्हणाला. तेव्हा कुठे मी हसले.

मे महिन्यात शेवटची काकडी निघाली. मावशींनी शेजारचे चार गडी बोलावले आणि होडी ओढत पाण्यात नेली. थोडं पाणी आत झिरपलं, संध्याकाळपर्यंत तेही थांबलं. त्यानंतर मी एकही आवर्तन चुकवलं नाही.

ऑगस्टमध्ये धरण भरलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “मला एकदा फिरवून आना.” मी वल्हं मारत होते, मावशी काठावरची झाडं आणि समोरचा डोंगर यांचा अंदाज घेत होत्या. मध्येच म्हणाल्या, “थांबा. हितं खाली आमच्या गावची विहीर हाय.”

मी वल्हं आत घेतलं. आणि काय झालं कोण जाणे, आईची ती घागर मी त्यांना सांगून टाकली.

“माझी आई बी तसंच वतायची,” मावशी हळूच म्हणाल्या. “वरून. लांबून. मी शेजारी उभी ऱ्हायची.”

होडी वाऱ्याने बाजूला सरकायला लागली होती. अशा वेळी ती थांबवायला माझ्याकडे दगड बांधलेला दोर असतो. मावशींनी तो उचलून माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या मला एकेरीत बोलल्या.

“टाक,” म्हणाल्या. “टाक तुझा दोर.”

मी टाकला. बराच वेळ तो खाली जात राहिला.